नौदलाचं विमान आणि फुटलेलं भिंग

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)





चाळीस वर्षांनी या अंगणात उभा राहून बोलतोय. संयोजकांनी मला विषय दिला, 'नौदलाची विमानसेवा आणि स्वदेशी उद्योग'. पत्रिकेत छापलेला पाहिला आणि मीच दचकलो. विषय मोठा आहे आणि मी लहान माणूस. मी नौदलात अधिकारी नव्हतो, वैमानिक तर नव्हतोच. विमानाच्या पोटाखाली आडवं पडून नट आवळणारा मी तंत्रज्ञ. वीस वर्षं ते केलं, निवृत्त झालो आणि नाशिकला अंबड एमआयडीसीत एक छोटं वर्कशॉप टाकलं. तेव्हा मी जे बोलेन ते खालून वर पाहणाऱ्याचं असेल. समोर आपले विज्ञानाचे सर बसले आहेत. चुकलं तर ते उभं करतील, याची भीती अजून आहे.

सुरुवात माझ्या वडिलांपासून करतो, कारण तुमच्यापैकी शेतकऱ्यांच्या बहुतेक मुलांनी त्यांना पाहिलेलं आहे. आबा ऑइल इंजिनं दुरुस्त करायचे. कान नदीकाठच्या मळ्यांतली, दहिवेल-पिंपळनेरकडची इंजिनं बैलगाडीतून आमच्या पत्र्याच्या शेडमध्ये यायची. आबांना वाचता येत नव्हतं, पण कुठलाही सुटा भाग हातात आला की आधी तो फिरवून बघायचे, बोटाने धार तपासायचे आणि विचारायचे, "हाई कोनी बनाडेल शे?" त्यांना कंपनीचं नाव नको असायचं. हे बनवणारा माणूस कसा आहे, त्याने मन लावून केलंय की उरकलंय, हे त्यांना हवं असायचं. काही भाग ते गिऱ्हाइकाला परत द्यायचे, "हाई लावू नको, परत फुटी," असं सांगून. त्या एका प्रश्नावर माझं सगळं आयुष्य गेलं, हे मला फार उशिरा कळलं.

दुसरी आठवण आपल्या सगळ्यांची आहे. दहावीच्या प्रयोगवहीत बहिर्वक्र भिंगाचं नाभीय अंतर काढायचा प्रयोग होता. खिडकीतून दिसणाऱ्या झाडाची प्रतिमा पडद्यावर घ्यायची आणि पट्टीने अंतर मोजायचं. आपल्यापैकी अकरा जणांनी निरीक्षणं लिहून वही सरांपुढे ठेवली. सहाही निरीक्षणं जवळपास सारखी आणि सरासरी अगदी पुस्तकात असावी तशी. सरांनी वह्या पाहिल्या, कपाट उघडलं आणि भिंगाचे दोन तुकडे टेबलावर ठेवले. भिंग पंधरा दिवसांपूर्वीच फुटलं होतं! आता हसताय, त्या दिवशी कोणी हसत नव्हतं. सर एवढंच म्हणाले, "उत्तर चुकलं तर मी समजावून सांगेन. जे बघितलंच नाही ते लिहिलं, त्याला मी काय समजावू?" हे भिंग लक्षात ठेवा, पुढे त्याच्याकडे परत यायचं आहे.

दहावीनंतर मी नौदलात शिकाऊ तंत्रज्ञ म्हणून लागलो. ज्याने तोवर धुळ्याच्या पुढे काही पाहिलं नव्हतं, त्याने लोणावळा, मग कोची आणि मग समुद्र पाहिला. पहिल्याच आठवड्यात शिकवलं ते हे, की जमिनीवरचं विमान आणि नौदलाचं विमान दिसायला सारखी असली तरी त्यांचं आयुष्य वेगळं असतं.

त्याचा पहिला वैरी म्हणजे मीठ. समुद्रावरची हवा म्हणजे उडतं मिठाचं पाणी. आपल्याकडे तांब्याच्या हंड्याला लोखंडी कडी लावली आणि तो ओला राहिला, की कडीच आधी गंजून जाते. दोन वेगळे धातू आणि मध्ये ओल असली की एक दुसऱ्याला खातो. विमानात तर अॅल्युमिनियम, पोलाद, मॅग्नेशियम असे सगळे धातू शेजारी-शेजारी बसलेले असतात. म्हणून समुद्रावरून परत आलेलं हेलिकॉप्टर आम्ही गोड्या पाण्याने धुवायचो, बैल शेतातून आल्यावर धुवावा तसं.

दुसरी गोष्ट म्हणजे उतरणं. धावपट्टीवर विमान अलगद टेकतं. विमानवाहू जहाजावर तसं टेकायला जागाच नसते. लढाऊ विमान ताशी दोनशे चाळीस किलोमीटरच्या आसपास वेगाने येतं आणि डेकवर अक्षरशः आदळतं. शेपटीखालचा आकडा डेकवर आडव्या ताणलेल्या तारेत अडकतो आणि सुमारे नव्वद मीटरमध्ये विमान थांबतं. अडीच सेकंदांचा खेळ. त्यातही वैमानिक टेकताक्षणी इंजिनाची ताकद वाढवतो, कमी करत नाही, कारण आकडा चुकला तर त्याला पुन्हा उडून जायचं असतं. त्या धक्क्यात चाकाचे पाय, आकडा, त्याची पिन यांतलं काही एक कमी पडलं तर माणूस गेला. म्हणून या विमानाचा प्रत्येक सुटा भाग वेगळा लागतो, थोडा लागतो आणि महाग पडतो. बाहेरचे देश तो देतातही, पण त्यांच्या सोयीने.

त्यांची सोय म्हणजे काय, ते मी १९९८ साली पाहिलं. तेव्हा मी मुंबईला, कुलाब्याच्या हेलिकॉप्टर तळावर होतो. आमची सी किंग हेलिकॉप्टरं पाणबुड्या शोधायची. ती बनवली ब्रिटनच्या वेस्टलँडने, पण मूळ परवाना अमेरिकेच्या सिकॉर्स्की कंपनीचा आणि आतले कितीतरी भाग अमेरिकन. मे महिन्यात पोखरणला अणुचाचण्या झाल्या. देशभर पेढे वाटले, आम्हीही खाल्ले. मग निर्बंध आले आणि सुटे भाग थांबले. एक-एक करून हेलिकॉप्टरं जमिनीला खिळली. एकाचं काढून दुसऱ्याला लावायचं, दुसऱ्याचं तिसऱ्याला. एसटी डेपोत काम केलेल्यांना हा प्रकार माहीत आहे. रात्री हँगरमध्ये पंख्याखाली बसून मी विचार करायचो, की हे एवढं मोठं यंत्र कशासाठी उभं आहे? कधी एका बेअरिंगसाठी, कधी तळहातावर मावणाऱ्या सीलसाठी. आणि मला आबांचा प्रश्न आठवायचा. कोनी बनाडेल शे? ज्याने बनवलंय तो आज देणार नाही म्हणतोय.

त्याच वर्षी तेजस विमानाच्या उड्डाण-नियंत्रणावर अमेरिकेत काम करणाऱ्या आपल्या अभियंत्यांनाही परत पाठवलं गेलं. राहिलेलं काम त्यांनी बंगळूरला बसून पुरं केलं. ४ जानेवारी २००१ ला तेजस उडालं. म्हणजे जे अडलं ते आपण शिकलो. पण दरवेळी अडल्यावरच शिकायचं का?

आपल्याकडे सुरुवातच झाली नव्हती असं कोणी समजू नये. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी डिसेंबर १९४० मध्ये म्हैसूर संस्थानाच्या मदतीने बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट हा कारखाना काढला. आजच्या एचएएलचं मूळ तिथे आहे. याच माणसाने १९४१ मध्ये विशाखापट्टणमच्या जहाजबांधणी कारखान्याचा पाया घातला. तिथून १९४८ मध्ये 'जलउषा' पाण्यात उतरलं. विमान आणि जहाज ही दोन्ही स्वप्नं एका सोलापूरकराने एकाच वेळी पाहिली. पुढे त्याच बंगळूरच्या कारखान्यात डॉ. विष्णू माधव घाटगे आले. ते कोल्हापूर जिल्ह्यातले. जर्मनीत प्रांड्टल या थोर शास्त्रज्ञाकडे त्यांनी डॉक्टरेट केली होती. त्यांनी रचलेलं एचटी-२ हे प्रशिक्षण विमान १९५१ मध्ये उडालं. हवाई दलाबरोबर नौदलानेही ते वापरलं. नौदलाचा पहिला विमानतळ, कोचीचा आयएनएस गरुड, सुरू झाला तो ११ मे १९५३ ला. म्हणजे नौदलाची विमानसेवा पाळण्यात होती तेव्हा मराठी माणसाने रचलेलं विमान तिच्याजवळ होतं.

मग गाडी कुठे अडली? माझ्या समजुतीप्रमाणे अडली ती अशी, की पुढे आपण बनवण्यापेक्षा आणण्यात आणि जोडण्यात जास्त रमलो. दुसऱ्याच्या नकाशावरून विमान जोडणं वाईट नाही, हात त्यातच तयार होतात. पण हा भाग असाच का, एवढाच जाड का, हे त्या नकाशात लिहिलेलं नसतं. ते ज्याने रचलं त्याच्या डोक्यात असतं.

पहिली विक्रांत ब्रिटनमध्ये बांधलेली. १९७१ च्या युद्धात तिचा चारपैकी एक बॉयलर निकामी होता, तरी ती बंगालच्या उपसागरात गेली आणि ४ डिसेंबरला तिच्यावरून उडालेल्या सी हॉक विमानांनी कॉक्स बाजार आणि चितगावावर हल्ले केले. जहाज आणलेलं, विमानं आणलेली, पण चालवून दाखवलं ते आपल्या लोकांनी. आताची विक्रांत वेगळी. ती कोचीन शिपयार्डमध्ये बांधली आणि २ सप्टेंबर २०२२ ला नौदलात आली. दोनशे बासष्ट मीटर लांब. आपल्या शाळेचं मैदान किती वेळा मांडावं लागेल ते तुम्हीच मोजा. तिच्यासाठी लागणारं खास पोलाद बाहेरून येणार होतं, ते वेळेवर मिळेना. मग डीआरडीओच्या धातू प्रयोगशाळेने आणि 'सेल'ने मिळून ते इथेच केलं, सुमारे तीस हजार टन. पुढच्या युद्धनौकांनाही तेच पोलाद लागलं. अडचणीतून निघालेली विहीर पुढे गावाला पुरली, असं म्हणा.

जहाजाचा सुमारे ७६ टक्के भाग स्वदेशी आहे. यंत्रं पुरवणाऱ्यांच्या यादीत किर्लोस्करांचं नाव वाचलं तेव्हा मी जागेवरून उठलो. आबांच्या शेडमध्ये ज्यांची इंजिनं उघडी पडलेली असायची, तेच हे नाव. ज्यांचा लोखंडी नांगर शेतकरी सुरुवातीला घेईनात, लोखंडाने जमीन विषारी होते म्हणत, त्या घराण्याचं नाव विमानवाहू जहाजापर्यंत गेलं. त्याला शंभर वर्षं लागली. उद्योग असाच वाढतो, पिढ्या लागतात.

पण दुसरी बाजू झाकून ठेवणार नाही. जहाज आपलं झालं, तरी त्याच्यावरची लढाऊ विमानं अजून आपली नाहीत. मिग-२९के रशियाकडून घेतली, एकूण ४५. महालेखापालांच्या २०१६ च्या अहवालात लिहिलं आहे, की त्यांतली एकासनी विमानं उड्डाणाला तयार असण्याचं प्रमाण सुमारे १६ ते ३८ टक्क्यांच्या दरम्यान होतं. साध्या भाषेत, दहा विमानं असली तर कधी दोन, कधी चार कामाची. एप्रिल २०२५ मध्ये फ्रान्सशी २६ राफेल-मरीन विमानांचा करार झाला. जहाजाची चार मोठी गॅस टर्बाइन इंजिनंही मूळ अमेरिकन बनावटीची, बंगळूरला जोडलेली.

मग स्वदेशी विमानाचं काय? तेजसचं नौदलासाठीचं रूप २७ एप्रिल २०१२ ला पहिल्यांदा उडालं. गोव्याला दाबोळीच्या आयएनएस हंसा तळावर जमिनीवरच एक नकली डेक बांधला आहे. समोर वर चढत जाणारा उतार, मागे अडवणाऱ्या तारा. तिथे १३ सप्टेंबर २०१९ ला हे विमान तारेत अडकून थांबलं. मग ११ जानेवारी २०२० ला कमोडोर जयदीप मावळंकर यांनी ते भर समुद्रात विक्रमादित्यवर उतरवलं आणि ६ फेब्रुवारी २०२३ ला ते नव्या विक्रांतवर उतरलं. आपलं विमान, आपलं जहाज. त्या दिवशी मी वर्कशॉपमध्ये चहा सांगितला सगळ्यांना.

तरीही हे विमान नौदलात दाखल झालेलं नाही. वजन जास्त, इंजिनाची ताकद कमी, म्हणून नौदलाने २०१६ मध्येच सांगून टाकलं होतं की हे आम्हाला पुरणार नाही. आता दोन इंजिनांचं नवं विमान रचलं जात आहे. काही लोक म्हणतात, एवढा पैसा वाया गेला. मी म्हणतो, नाही गेला. तारेत अडकून थांबताना विमानाच्या हाडांवर काय येतं, ते आता आपल्या माणसांनी स्वतः मोजलेलं आहे. ही आपली निरीक्षणं आहेत. फुटलेल्या भिंगाची नाहीत. आणि नौदलाने आपल्याच देशाच्या विमानाला 'पुरत नाही' असं तोंडावर सांगितलं, याचंही मला कौतुक वाटतं. घरचं आहे म्हणून चालवून घेतलं नाही.

हे कौतुक मला स्वस्तात शिकायला मिळालेलं नाही. आता माझी गोष्ट सांगतो. ती मी आजवर घराबाहेर सांगितलेली नाही.

वर्कशॉप सुरू करून दोन वर्षं झाली होती. मला एक काम मिळालं. डेकवर उभं हेलिकॉप्टर लाटांमध्ये घसरू नये म्हणून साखळ्यांनी जखडतात, त्या साखळीतल्या पिना. साठ नग. बाहेरून मागवल्या तर महिनोन् महिने लागायचे. नमुना पास झाला आणि मला आकाश ठेंगणं झालं. बँकेचं कर्ज होतं, घरातल्या बांगड्या गहाण होत्या.

अशी पिन कडक पोलादाची असते. गंजू नये म्हणून तिला कॅडमियमचं प्लेटिंग करतात. प्लेटिंगच्या टाकीत एक अडचण होते. पाण्यातला हायड्रोजन पोलादात शिरतो. बाहेरून काही दिसत नाही. ओढून बघितली तर पिन पास होते. पण सतत भाराखाली राहिली, की काही तासांनी किंवा काही दिवसांनी अचानक तुटते. वाळवी लागलेल्या सागाच्या वाशासारखं, रंग शाबूत आणि आत भुसा. यावर उपाय एकच आहे. प्लेटिंग झाल्यावर चार तासांच्या आत पिना भट्टीत घालायच्या आणि १९० अंशांच्या आसपास रात्रभर, दिवसभर तापवत ठेवायच्या, म्हणजे हायड्रोजन निघून जातो. किती वाजता भट्टीत घातल्या, ते रजिस्टरमध्ये लिहायचं.

त्या दिवशी पिना संध्याकाळी पाच वाजता प्लेटिंग होऊन आल्या. सहाला वीज गेली. ट्रान्सफॉर्मर जळाला होता. वीज आली पहाटे चारला. जनरेटर घ्यायला पैसे नव्हते. मी पहाटे पिना भट्टीत घातल्या आणि रजिस्टरमध्ये लिहिलं, सायंकाळी साडेसहा. मनाशी म्हटलं, काही तासांनी काय बिघडतं? माल द्यायची तारीख जवळ आली होती. हात थरथरला नाही, हे सांगायलाच हवं. सवय जुनी होती.

पिना चाचणीला गेल्या. चार पिना भार लावून दोनशे तास लटकवून ठेवायच्या होत्या. पहिल्या दिवशी काही नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी फोन आला, रात्री एक तुटली. दुपारी दुसरी. तपासणी अधिकाऱ्यांनी माझं रजिस्टर मागवलं. ते म्हणाले, "कागदावर तर सगळं बरोबर आहे. मग पोलादच खराब असेल." मी गप्प बसलो. गप्प बसलो म्हणजे काय केलं, ते ऐका. ते पोलाद मला देणारा व्यापारी माझ्यासारखाच लहान माणूस होता. दोन दिवसांत त्याचं नाव काळ्या यादीत टाकायची तयारी झाली. त्याचा मला फोन आला. रडत नव्हता, फक्त विचारत होता, "भाऊ, माझा माल तर तपासून दिला होता ना मी?"

त्या रात्री झोप लागली नाही. सर, खोटं सांगत नाही, मला ते टेबलावरचे भिंगाचे दोन तुकडे दिसत होते. सकाळी मी त्या अधिकाऱ्यांकडे गेलो आणि खरी वेळ सांगितली. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "पिना इथे तुटल्या म्हणून तुम्ही बोललात. डेकवर तुटल्या असत्या तर कोणाशी बोलला असतात?"

साठच्या साठ पिना भंगारात गेल्या. वर्षभर माझं नाव पुरवठादारांच्या यादीतून काढलं. दोन कामगार सोडून गेले, बांगड्या गेल्या त्या गेल्याच. तो पोलादवाला मात्र वाचला. आजही माल त्याच्याकडूनच येतो.

साक्रीला आलो तेव्हा तुटलेली एक पिन खिशात होती. आबा तेव्हा अंथरुणाला खिळलेले होते. त्यांनी ती हातात घेतली, फिरवली, तुटलेल्या कडेवरून बोट फिरवलं आणि सवयीने विचारलं, "हाई कोनी बनाडेल शे?"

मी म्हटलं, "मीच बनाडेल शे, आबा."

ते काही बोलले नाहीत. पिन उशाखाली ठेवली. ते गेल्यानंतर ती मला तिथेच सापडली. आज ती माझ्या भट्टीच्या शेजारी खिळ्याला टांगलेली आहे, रजिस्टरच्या बरोबर वर. वर्षभराने मी पुन्हा अर्ज केला. त्याआधी जनरेटर घेतला. नवा लॉट दोनशे तास टिकला. मग दुसरा, मग तिसरा.

म्हणून कोणी मला विचारलं, की नौदलाच्या विमानांसाठी स्वदेशी उद्योग उभा राहायला काय हवं, तर पैसा हवा, रचना हवी, चाचणीच्या सोयी हव्यात, सरकारने ऑर्डर वेळेवर द्यायला हवी, हे सगळं मी सांगेनच. २०२० मध्ये संरक्षण खात्याने 'सृजन' नावाचं पोर्टल सुरू केलं. बाहेरून येणाऱ्या कुठल्या वस्तू इथे बनवायच्या आहेत, त्यांची यादी तिथे असते. आमच्यासारख्यांना पूर्वी कोणते भाग अडलेत हेच कळत नसे, आता कळतं. हे चांगलंच झालं. पण या सगळ्याच्या तळाशी एक रजिस्टर आहे. त्यात पहाटे चार वाजता कोणीतरी एकटा माणूस वेळ लिहितो आणि त्याला बघायला कोणी नसतं. बाहेरचा भाग तुटला की आपण बाहेरच्याला शिव्या देतो. आपला तुटला की शिव्या द्यायला कोणी उरत नाही. स्वावलंबनाचा हा भाग भाषणांत येत नाही, कारण तो कडू आहे.

आता आपल्या तालुक्याबद्दल दोन शब्द. ब्राह्मणवेलच्या पठारावर देशातल्या मोठ्या पवनऊर्जा प्रकल्पांपैकी एक उभा आहे. शिवाजीनगरला १२५ मेगावॉटचा सौर प्रकल्प आहे. त्या लांबच लांब पात्यांचे ट्रेलर गावातून गेले तेव्हा आपण सगळे रस्त्यावर येऊन बघत होतो. वारा आपला, ऊन आपलं, जमीन आपली. पण आपल्या किती मुलांच्या वाट्याला त्यांतलं तांत्रिक काम आलं आणि किती जणांच्या वाट्याला राखणदारी? राखणदारी कमी प्रतीची म्हणून नाही सांगत. पण पातं कशाचं बनतं, गिअरबॉक्स का जातो, हे शिकलेला पोरगा उद्या हेलिकॉप्टरच्या पात्यापर्यंत जाऊ शकतो. विद्या तीच आहे.

आणि लांब कुठे जायचं? सटाण्यावरून नाशिकला जाताना ओझर लागतं. १९६४ पासून तिथे विमानांचा कारखाना आहे. मिग झाली, सुखोई झाली आणि १७ ऑक्टोबर २०२५ ला तिथे जोडलेलं पहिलं तेजस मार्क-१ए उडालं. ते हवाई दलासाठी आहे, नौदलासाठी नाही. पण ज्या हातांनी ते जोडलं, त्या हातांना उद्या नौदलाचंही काम येईल. सकाळच्या एसटीने निघालेला साक्रीचा मुलगा दुपारपर्यंत तिथे पोहोचतो. एवढं अंतर आपण चाळीस वर्षांत का कापलं नाही, हा प्रश्न मला सरकारला नाही, आपल्या बॅचला विचारायचा आहे. त्यात मीही आलो.

म्हणून दोन छोट्या गोष्टी. या शाळेतून दहावी झालेल्या दोन मुलांना किंवा मुलींना दर उन्हाळ्यात मी माझ्या वर्कशॉपमध्ये महिनाभर ठेवून घेईन. राहणं-जेवण माझ्या घरी, आमची ही तयार आहे. लेथ शिकवीन, मोजमाप शिकवीन आणि रजिस्टर भरायला शिकवीन. नाशिक, पुणे, सुरतेला आपल्या बॅचचे जे कारखानदार आहेत, त्यांनीही एक-एक जागा द्यावी. मला वाटतं एवढं आपल्याला जड नाही.

आणि दुसरी. येताना मी एक खोकं आणलं आहे. त्यात बारा बहिर्वक्र भिंगं आहेत. सर, आपल्या वेळी एक होतं आणि तेही फुटलं. आता एक फुटलं तरी दुसरं असेल, म्हणजे कोणालाही न बघता लिहावं लागणार नाही. ही भिंगं तुमच्या हातून प्रयोगशाळेला द्यावीत, अशी विनंती आहे. आणि चाळीस वर्षं राहून गेलेला तो प्रयोग मी आज सकाळी खिडकीत उभा राहून केला. निरीक्षणं सहा घेतली, सहाही थोडी वेगवेगळी आली. वही सोबत आणली आहे, तपासून द्यावी.

जेवणाची पानं मांडल्याचा निरोप तिकडून येतोय आणि भरिताचा वास इथपर्यंत आला आहे. त्याच्यापुढे माझं भाषण टिकणार नाही.